पोशाख : औपचारिक

पत्रात बाकी सगळं स्पष्ट होतं. सोमवारी सकाळी अकरा वाजता, शिरपूर रस्त्यावरच्या कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत मुलाखत. पद गुणवत्ता निरीक्षकाचं. सोबत मूळ प्रमाणपत्रं, दोन फोटो, आधार कार्डाची झेरॉक्स. एवढं पुनमच्या वडिलांनी, गिरधर आबांनी, अंगणात उभं राहून मोठ्याने वाचलं आणि शेवटच्या ओळीशी ते अडले. ती ओळ होती, 'पोशाख : औपचारिक.'

"हाई औपचारिक काय शे?" आबांनी विचारलं.

"नीटनेटका पोशाख, आबा. बाकी काही नाही," पुनम म्हणाली.

इतकं सोपं उत्तर घरात कोणालाच पटलं नाही. नीटनेटकं हवं असतं तर कंपनीने नीटनेटकं असंच लिहिलं असतं. ज्या अर्थी शब्द अवघड वापरलाय, त्या अर्थी कपडाही अवघडच असणार, असं आबांचं म्हणणं पडलं. पुनमची आई कुंदाबाई म्हणाल्या, "चांगलं घाल, इतलंच शे ते." पण त्या चुलीपाशी होत्या आणि ठराव अंगणात चालला होता.

पुनम बी.एस्सी. झालेली. शेवटच्या वर्षी तिने कापसाच्या धाग्यावर प्रकल्प केला होता आणि त्याआधीची वीस वर्षं शिंदखेड्याजवळच्या या घरात कापसातच काढली होती. आतापर्यंत तिने तीन मुलाखती दिल्या होत्या. धुळ्याला साडी नेसून गेली, तर 'साडीत फिरतीचं काम जमेल का' म्हणून विचारलं. जळगावला पँट-शर्ट घालून गेली, तर 'घरी चालतं का हे' म्हणून विचारलं. तिसऱ्या ठिकाणी ती पंजाबी ड्रेस घालून गेली, तिथे लग्नाचं विचारलं. कापसाचं कुठेच कोणी विचारलं नाही. तिच्याऐवजी घेतलेल्या तिन्ही मुलांनी काय घातलं होतं, हे तिने नंतर पुष्कळ आठवून पाहिलं. आठवेना. ते कोणालाच आठवलं नसतं.

म्हणून या वेळी तिने ठरवलं होतं की आपला स्वतःचा, स्वतः शिवलेला, पांढरट सुती कुर्ता घालायचा.

"तो घालीसन तू वावरमा निंदाले जास," आबा म्हणाले. "तठे काय निंदाले बलायेल शे का?"

"आबा, कपडे मी ठरवणार," पुनम म्हणाली. एरवी ती घरात अहिराणी बोलायची आणि भांडताना प्रमाण मराठी, कारण प्रमाण मराठीत भांडलं की आबांना पटकन उत्तर सुचत नसे. आबांनाही हे ठाऊक होतं. त्यांनी सरळ बहिणीला फोन लावला.

आबांच्या बहिणीचं, म्हणजे पुनमच्या फुईचं नाव लताबाई. धुळ्यात आग्रा रोडला त्यांचं साड्यांचं दुकान. नवरा गल्ल्यावर आणि बाकी सगळं त्यांच्यावर. बायकांनी कुठे काय नेसावं याचा त्यांचा अभ्यास तीस वर्षांचा होता आणि आजवर एकही गिऱ्हाईक त्यांच्या सल्ल्याशिवाय, आणि साडीशिवाय, पायरी उतरलं नव्हतं. बहीणभावाचं आधीच ठरलेलं होतं: ही चौथी मुलाखतही गेली, तर तुळशीचं लग्न उरकलं की पुनमने फुईच्या दुकानात गादीवर बसायचं आणि साड्या उलगडून दाखवायच्या. पुनमला दुकानाचा राग नव्हता. पण उलगडलेली साडी पुन्हा घडी घालण्यासाठी आपण शिकलो, हे तिला मान्य नव्हतं.

फुई दुपारच्या एस.टी.ने आल्या, त्या मोरपिशी साडी घेऊनच. साडीवर सोनेरी टिकल्या इतक्या होत्या की मूळ कापड कुठलं हे विश्वासावर घ्यावं लागे.

"दुकानातली आहे. किमतीची चिठ्ठी काढू नकोस, पदराखाली खोच. मंगळवारी परत काऊंटरवर लावायची आहे," फुई म्हणाल्या. "बांगड्या दोन-दोनच. पदराला पिन. आणि आत गेल्यावर मान जराशी खाली ठेव. बरं दिसतं."

"मान खाली ठेवली तर प्रश्न कोण विचारतंय ते कसं दिसेल, फुई?"

"प्रश्न कानाने ऐकायचा असतो, बेटा."

एवढ्यात डिंपल वहिनी आली. डिंपल ही पुनमच्या चुलतभावाची, हितेंद्रची बायको. धुळ्यात तिने व्यक्तिमत्त्व विकासाचं तीन दिवसांचं शिबिर केलं होतं, त्यामुळे या विषयात गावात तिचा शब्द डॉक्टरच्या चिठ्ठीसारखा चाले. औपचारिक म्हणजे कोट, असं तिने सांगितलं. तिच्या घरी कोट होताही. काळा, चकचकीत. हितेंद्रने तो लग्नात स्वागत समारंभाला घातला होता आणि त्यानंतर तो त्याला कधी झाला नव्हता.

फुईंना कोट पसंत नव्हता, डिंपलला साडी. संध्याकाळपर्यंत दोघींनी आपापली बाजू लढवली आणि अखेर घरात शांतता नांदावी म्हणून तोडगा निघाला. साडी नेसायची आणि वर कोट घालायचा. पुनमचं मत कोणी विचारलं नाही. मुलाखत तिची असली तरी इभ्रत सगळ्यांची होती.

पुनमने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

"नेसते," ती म्हणाली. "पण नोकरी नाही मिळाली, तर नापास साडी झाली, मी नाही. मग दुकानात साडी येईल. मी येणार नाही."

आणि आत जाऊन तिने प्रमाणपत्रांच्या पिशवीत, अगदी तळाला, सुती कुर्ता घडी करून ठेवला.

सोमवारी सकाळी आणखी एक सोयीची गोष्ट घडली. या गोष्टीतल्या सगळ्या अडचणी सोयीतूनच आल्या. घरचा कापूस वेचून झाला होता आणि हितेंद्रच्या पिकअपमधून तो विकायला न्यायचाच होता. मुलाखत ज्या जिनिंगमध्ये, त्याच जिनिंगमध्ये कापूस नेला तर पोरीचं तिकीट वाचतं, असा विचार आबांनी केला. पुढे तीन माणसांची जागा. एक चालवणारा हितेंद्र. दुसरे आबा, कारण भाव त्यांना करायचा. तिसऱ्या लताबाई, कारण साडी दुकानाची, तिच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं. अशा रीतीने साडीची राखण पुढे बसली आणि साडी मागे, कापसावर.

कापसावर बसणं वाईट नसतं. राजेलोक यापेक्षा वेगळ्या कशावर बसत असतील असं वाटत नाही. पण नरडाण्याला गाडी हायवेला लागली आणि वारा सुटला. काळ्या कोटाने कापूस धरायला सुरुवात केली. तापीचा पूल ओलांडेपर्यंत तो कोट काळा होता हे सांगूनही कोणाला खरं वाटलं नसतं. कापूस कोटावर येत होता आणि साडीच्या टिकल्या कापसात जात होत्या. ही देवाणघेवाण पुनमच्या लक्षात आली ती शिरपूरच्या अलीकडे. तिने टिकल्या वेचायला घेतल्या. एक उचलायला वाकावं तर तेवढ्यात दोन गळत. शेवटी ती हालचाल न करता बसून राहिली, देवळातल्या मूर्तीसारखी. फक्त मूर्तीच्या अंगावर एवढा कापूस नसतो.

जिनिंगला दोन फाटकं होती. हायवेच्या बाजूला ऑफिसचं, आणि मागे, मळ्यांच्या अंगाला, शेतकऱ्यांचं आणि कामगारांचं. कापसाची गाडी मागच्याच फाटकाला लागते. पावणेअकरा वाजले होते. अंगणातून सरळ गेलं तर ऑफिस दोन मिनिटांवर होतं आणि वळसा घालून गेलं तर अर्ध्या तासावर.

फाटकावर अभिमन नावाचा वयस्क पहारेकरी होता. त्याने पुनमला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि आडवा हात केला.

"बहीण, बठ्ठं ठीक शे, पन हाई साडी मझार जावाव नही."

त्याने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे नोटीस होती. टिकली, टाचणी, नायलॉन, सुटे केस, रंगीत धागा यांपैकी काहीही अंगावर घेऊन आत जाण्यास मनाई. खाली मालकांची सही. आणि नोटिशीखाली कोनाड्यात, जिथे एरवी गणपती असतो, तिथे काचेची एक छोटी बाटली. बाटलीत राणी रंगाचा एक धागा. बोटभर लांबीचा.

पुनमने विचारलं, तेव्हा अभिमनने तो इतिहास सांगितला. गेल्या वर्षी इथून गेलेल्या कापसाच्या गाठींत हा धागा निघाला आणि गिऱ्हाइकाने सगळा माल परत पाठवला. रुईत, म्हणजे सरकी काढलेल्या कापसात, कपड्याचा रंगीत धागा गेला की तो सुतात उतरतो, सुतातून कापडात, आणि पांढऱ्या कापडावर शेवटपर्यंत दिसत राहतो. तेव्हापासून कामावरच्या साठही बायकांचे रुमाल आणि ओढण्या फाटकावर जमा झाल्या. दोन महिने रोज एकेकीच्या साडीचा काठ या धाग्याशी लावून पाहिला. कोणाचाच जुळला नाही. पण संशय सगळ्यांवर राहिला, आणि बाटलीही.

"आमच्या पोरीची मुलाखत आहे हो," लताबाई म्हणाल्या. "साडी नवी कोरी आहे."

"म्हनीसनच," अभिमन म्हणाला. "नव्याच जास्ती गळतस."

पुनमला वर्षातली पहिली चांगली बातमी मिळाल्यासारखं झालं. कोकिळाताई नावाच्या कामगार बाईने तिला कपडे बदलायची खोली दाखवली. पिशवीच्या तळाचा सुती कुर्ता वर आला. वर नियमाप्रमाणे कामगारांचा पांढरा सुती झगा आणि केस पूर्ण झाकणारी टोपी. साडी फुईंच्या पिशवीत गेली, कोट हितेंद्रच्या. फुईंनी तिच्याकडे बघून कपाळाला हात लावला.

"या अवतारात आत जाणार? काय म्हणतील ते?"

"म्हणतील ते कानाने ऐकेन. तुम्हीच सांगितलंय," पुनम म्हणाली आणि मान वर करून अंगणातून चालू लागली.

आत मुलाखत घ्यायला दोघं होती. एक मालक जीवरामशेठ आणि दुसऱ्या नाशिकहून खास बोलावलेल्या नूतन मॅडम. औपचारिक हा शब्द त्यांचाच. जीवरामशेठ तालुक्यातले मोठे मानाचे गृहस्थ. आठवड्यातून एखादा तरी सत्कार त्यांच्या वाट्याला येई आणि मिळालेली शाल ते दिवसभर खांद्यावर ठेवत. शाल काढली की सत्कार संपला, असं त्यांना वाटत असावं. आजही सकाळी एक सत्कार होऊन गेला होता.

दारात पांढरा झगा पाहून ते म्हणाले, "बाई, झाडलोट नंतर. मुलाखती चालू आहेत."

"हो, त्यातली पाचवी माझी," पुनम म्हणाली आणि समोर प्रमाणपत्रं ठेवली.

शेठजींनी प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि झग्याकडे पाहिलं. पत्रात पोशाखाबद्दल लिहिलं होतं ते वाचलं नाही का, असं त्यांनी विचारलं.

"वाचलं, साहेब. पण तुमच्या मागच्या फाटकावर हाच औपचारिक आहे. तिथल्या नोटिशीवर सही तुमचीच आहे."

शेठजींनी साडीचा विषय काढला. मुलीने मुलाखतीला साडीतच यावं, साडीत मुलगी जबाबदार दिसते, असं ते म्हणाले. नूतन मॅडमना हे मुळीच मान्य नव्हतं. साडी हा समारंभाचा पोशाख आहे आणि कामाच्या जागी कोटच शोभतो, असं त्यांनी नाशिकच्या अनुभवावरून सांगितलं. शेठजी म्हणाले, कोट पुरुषी दिसतो. मॅडम म्हणाल्या, साडीचा रंग तरी कोणता चालेल तुम्हाला? घरच्या अंगणातली सभा शिरपूर रस्त्यावर पुन्हा भरली. फरक एवढाच की इथे पंखा होता.

पुनमने पाच मिनिटं वाट पाहिली.

"तुमचं ठरेपर्यंत मी कापूस बघू का?" ती म्हणाली.

कापूस बघणं हा मुलाखतीचाच भाग होता, पण बोलण्याच्या ओघात तो राहून जाण्याच्या बेतात होता. मग टाय लावलेल्या बाकीच्या चार उमेदवारांनाही बोलावण्यात आलं आणि सगळे अंगणात आले. समोर जी गाडी दिसेल तिच्यातला माल प्रत्येकाने पारखायचा, असं शेठजींनी जाहीर केलं. समोर हितेंद्रची पिकअप होती. शेजारी आबा उभे होते. कापसात मधोमध, कोणीतरी तासभर बसल्यावर पडतो तसा खळगा अजून होता.

चारही मुलांनी पाळीपाळीने हात घातला. कापसाचा पुंजका ओढून पाहिला, उन्हात धरला, ओलावा बरोबर, लांबी चांगली, एक नंबर माल असं सांगितलं. प्रत्येक एक नंबराला आबांची छाती इंचभर पुढे येत होती. चौथ्यानंतर त्यांनी पुनमकडे पाहिलं. पाचवं 'एक नंबर' घरातूनच येणार, तेव्हा काळजी नव्हती.

पुनमने खळग्याकडे पाहिलं. खळग्याच्या कडेला ऊन पडलं होतं आणि तिथे काहीतरी लुकलुकत होतं. गप्प राहिलं तर आबांचा माल आत जाणार होता आणि कदाचित तीही. बोललं तर माल दारातच अडणार, आणि अडवणारीनेच तो बिघडवलाय हेही सांगावं लागणार. फुईच्या दुकानाची गादी तिला डोळ्यासमोर दिसली. पांढरी, स्वच्छ, घडी घालायला बोलावणारी.

"हा माल घेऊ नका, साहेब," ती म्हणाली.

"पुनम," आबा म्हणाले. फक्त नाव.

"यात टिकल्या आहेत. सोनेरी, प्लॅस्टिकच्या. वर सात दिसतात, खाली किती असतील सांगता येत नाही. रुईत गेल्या तर चुरा होईल आणि निघणार नाही."

"कोणी टाकल्या?" शेठजींनी विचारलं.

"मी. मी यावरच बसून आले. आणि हे माझे वडील."

चारही टाय पुन्हा एकदा कापसात डोकावले. आबा हळूच म्हणाले, "यानासाठेच शिकाडं का मी तुले?"

"हां आबा," पुनम म्हणाली. या वेळी ती प्रमाण मराठीत बोलली नाही. "यानासाठेच."

टिकल्या बघायला शेठजी पुढे झाले आणि कापसावर वाकले. त्यांची शाल त्यांच्याआधी वाकली. तिची झालर कापसावरून फिरली.

"तुम्ही मागे सरा, साहेब," पुनमने सांगितलं. शेठजींना मागे सरा म्हणणारं त्यांच्या घरी एकच माणूस होतं, म्हणून ते सवयीने सरले. ज्या जागी झालर टेकली होती तिथून पुनमने दोन बोटांनी काहीतरी उचललं आणि उन्हात धरलं. धागा होता. राणी रंगाचा.

बाकी कोणाला काही समजलं नाही. अभिमनला समजलं. तो वळला, आपल्या नेहमीच्या चालीने फाटकापर्यंत गेला, कोनाड्यातली बाटली उचलली आणि तशाच चालीने परत आला. बाटली त्याने शेठजींच्या खांद्याजवळ धरली. जुना धागा, नवा धागा आणि शालीची झालर, तिन्ही एका ओळीत आले. जवळपास काम करणाऱ्या बायका काम सोडून उभ्या राहिल्या.

"अशा शाली तर सगळीकडेच असतात," शेठजी म्हणाले.

"असतातच," पुढे येऊन लताबाई म्हणाल्या. विषय कापडाचा होता, त्यांना राहवेना. त्यांनी झालर बोटांत घेऊन चोळली. "ही आमच्याकडचीच. सत्काराची शाल म्हणून धुळ्यापासून इथपर्यंत डझनाने जाते. हिचे धागे सुटतात हो. म्हणून तर स्वस्त."

कोकिळाताई पुढे आल्या आणि अभिमनला म्हणाल्या, "भाऊ, मनी ओढणी दे. वरीस व्हयनं."

"हा सत्कार आहे," शेठजी म्हणाले. त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं.

"सत्कार फाटकाबाहेर ठेवा, साहेब," पुनम म्हणाली. "आत कापूस आहे."

पिकअप बाजूला झाडाखाली लावण्यात आली. आबा, हितेंद्र आणि लताबाई यांनी उन्हं कलेपर्यंत कापसातून टिकल्या वेचल्या. लताबाईंचा वेग सगळ्यांत जास्त होता, कारण त्यांना त्या मंगळवारपर्यंत साडीवर परत लावायच्या होत्या. आबा पहिला तासभर नुसत्या टिकल्या मोजत होते. दुसऱ्या तासाला ते शेजारच्या गाडीवाल्याला सांगत होते की वर सातच दिसत होत्या, पन पोरनी बरोबर वळखं. संध्याकाळी माल आत गेला. त्याआधी पुनमने तो पुन्हा तपासला आणि आणखी तीन टिकल्या काढून दिल्या.

नेमणुकीचं पत्र दहाव्या दिवशी आलं. सही नूतन मॅडमची होती. शेवटच्या ओळीशी आबा पुन्हा थांबले, पण या वेळी अडले नाहीत. 'पोशाख : सुती. सर्वांसाठी.'

सर्वांसाठी म्हटल्यावर ऑफिसातल्या पुरुषांनाही झगे लागणार होते. चाळीस झग्यांचं काम ज्या दुकानाला मिळालं, तिथे शालींची विक्री त्याच आठवड्यात बंद झाली होती. पुनम रुजू झाली त्या सकाळी लताबाई टेप घेऊन मागच्या फाटकाशी हजर होत्या. पहिलं माप जीवरामशेठचं. शेठजी हात पसरून उभे, अभिमन त्यांची शाल घडी करून कोनाड्यात ठेवतोय, आणि साठ बायका राणी, पिवळे, हिरवे रुमाल त्याच कोनाड्याशेजारच्या खुंट्यांना आपल्या हाताने लावून आत जातायत, अशा वेळी पुनम नोंदवही घेऊन तिथून गेली.

"बाह्या मनगटापर्यंत ठेवते," लताबाई सांगत होत्या. "टोपीत केस पूर्ण जाऊ द्या. आणि मान जराशी खाली ठेवा, शेठ. बरं दिसतं."

शेठजींनी मान खाली घातली.